शाळेतील यंत्र आणि शाळा उघडण्यापूर्वीचा पंधरवडा

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर व गोंदिया मागे टाकून छत्तीसगडच्या सपाटीत उतरला, की दुर्गनंतर भिलाई हे नाव धारण करणारी स्थानके एकामागून एक येतात : प्रथम भिलाईनगर, नंतर भिलाई पॉवर हाउस आणि सर्वांत पूर्वेस, रायपूरच्या बाजूस, नुसती ‘भिलाई’. ह्या शेवटच्या स्थानकाभोवतीची वस्ती भिलाई-३ म्हणून ओळखली जाते. शेजारी चरोद्याचे, मालगाड्यांची जुळणी करणारे विस्तीर्ण आवार आहे. १९५९ साली ज्याची पहिली झोतभट्टी पेटली, तो पोलादाचा कारखाना पश्चिमेस जवळच आहे. यंत्राचा सहवास ज्यांच्या दारी आला, अशी गावे आपल्या देशात थोडी. त्यांत ह्या गावाची गणना करावी लागेल. १९५६ पर्यंत हा मुलूख विदर्भासह एकाच प्रांतात असल्यामुळे मराठी वाचकाला तो सर्वस्वी परकाही वाटू नये.

छत्तीसगडात शाळा सामान्यतः १६ जूनला उघडतात. २०२४ साली उन्हाच्या तीव्रतेमुळे तो दिवस २६ जूनवर ढकलावा लागला होता. विदर्भातील पालकांना ह्यात नवल वाटणार नाही. शाळा उघडण्यापूर्वीच्या पंधरवड्यात मुख्याध्यापकाला पुष्कळ कामे असतात. कौले परतावयाची असतात, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे मोजून घ्यावयाचे असतात, नव्या मुलांची नावे पटावर चढवावयाची असतात. अलीकडे त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. दीड महिना कुलूपबंद असलेली यंत्रांची खोली उघडून संगणक, प्रक्षेपक व दर्शक-फलक चालतात की नाही, हे पाहावयाचे असते. बहुतेक ठिकाणी हे काम शेवटच्या दिवशी होते. ते पहिल्या दिवशी का व्हावे, आणि त्याच्याही आधी दुसरे एक काम का व्हावे, हे समजून घ्यावयाचे असेल तर ह्याच दुर्ग जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रयोगाकडे वळले पाहिजे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात भारताने कृत्रिम उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग केला. ‘साइट’ ह्या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. सहा राज्यांतील २० जिल्हे आणि सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या वाट्याची खेडी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग ह्या जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या छत्तीसगडातील होती. ह्या कल्पनेचे जनक विक्रम साराभाई. दूरचित्रवाणी आधी शहरांत रुजेल व मग सावकाश खेड्यांकडे सरकेल, हा जगभरचा क्रम आपण उलटा करावा, असे त्यांचे मत होते. १९६९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अवकाश-संस्थेशी करार झाला. तो फळास आलेला पाहण्यास मात्र साराभाई राहिले नाहीत. प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे.

उपग्रह अमेरिकेचा होता. एटीएस-६ असे त्याचे नाव. अवकाशात गेल्यावर छत्रीसारखा उलगडणारा सुमारे ९ मीटर व्यासाचा परावर्तक त्यास जोडलेला होता. वर एवढे मोठे साधन असल्यामुळेच खाली, खेड्यात, लहान व स्वस्त साधनाने काम भागले. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीपाशी जी तबकडी उभारली होती, ती ३ मीटर व्यासाची असून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची बनविलेली होती. जाळीच्या भोकांतून संदेश निसटून कसा जात नाही, अशी शंका कोणालाही येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. उपग्रहाकडून येणारे तरंग सेकंदाला ८६ कोटी आवर्तनांचे, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीचे होते. तरंगाच्या लांबीच्या मानाने भोक फारच लहान असले, की तरंगास ते भोक उरतच नाही. जाळी त्याला पत्र्याप्रमाणे परतवून लावते. आपल्या डोळ्यांना जाळीच्या आरपार दिसते, कारण प्रकाशाचे तरंग त्या भोकांहून हजारो पटींनी आखूड असतात हे ध्यानात घ्यावे.

हा उपग्रह विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ३५ अंशांवर, म्हणजे आफ्रिकेतील केनियाच्या डोक्यावर स्थिर ठेवला होता. भिलाईच्या परिसरातून पाहता ती दिशा पश्चिमेकडे, थोडी दक्षिणेस झुकलेली, आणि क्षितिजापासून सुमारे ३३ अंश उंच अशी येते. पृथ्वीगोल, दोरा आणि कोनमापक घेऊन माध्यमिक शाळेतील मुलांनी हा कोन स्वतः काढून पाहावा. भूगोलाचा व भूमितीचा असा एकत्र पाठ विरळाच. एवढ्या व्यासाच्या तबकडीची ‘नजर’ सुमारे ८ अंश रुंद असते. म्हणून ती हाताने रोखता येत असे, एखाद्या अंशाची चूक खपून जाई. परंतु वादळी वाऱ्याने तिची कड वीतभर ढळली, की चित्र नाहीसे होई. हजारो किलोमीटरांवरचा उपग्रह जागेवर, आणि पाठ अडला तो दारातल्या एका सैल झालेल्या खिळीमुळे !

सकाळचा दीड तास शाळांचा असे. हिंदी, तेलुगू, कन्नड व उडिया ह्या चार भाषांत तो विभागलेला असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला २२.५ मिनिटे येत. कार्यक्रम ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी होते. आता वाचकाने दुर्ग जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पाच वर्षांचा मुलगा व बारा वर्षांची मुलगी एकाच पडद्यासमोर बसलेली आहेत. घरी दोघेही छत्तीसगडी बोलतात. पडद्यावरची भाषा मात्र पुस्तकी हिंदी, आणि तीच हिंदी त्याच क्षणी बिहारात व राजस्थानातही ऐकू जात आहे. पाठ थांबविता येत नाही, मागे नेता येत नाही, कोणाला काही विचारता येत नाही. अशा वेळी पडद्यावरील शब्द आणि मुलाचे मन ह्यांमध्ये पूल घालणारा एकच माणूस तिथे असतो, तो म्हणजे शिक्षक. पाठापूर्वी त्याने दोन वाक्यांत प्रस्तावना केली आणि नंतर चार प्रश्न विचारले, तर त्या मिनिटांचा धडा होतो. नाही तर करमणूक होते. करमणूकही वाईट नव्हे, परंतु तिच्यासाठी उपग्रह जागेवरून हलविण्याचे कारण नव्हते.

प्रयोग आखणाऱ्यांना हे उमगले होते, आणि म्हणूनच त्यांनी जे केले ते मला सर्व प्रयोगातील सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी तेच यंत्र मुलांकडून काढून काही दिवस शिक्षकांकडे वळविले. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे, ह्यासाठी १२ दिवसांचे प्रशिक्षण योजले गेले. पहिली फेरी १९७५ च्या ऑक्टोबरात झाली व दुसरी १९७६ मध्ये. दोन्ही मिळून सुमारे ४८ हजार शिक्षक त्यांत सहभागी झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्यासाठी दूरचित्रवाणीचे पाठ, रेडिओचे पाठ, छापील साहित्य आणि हाताने करावयाचे प्रयोग ह्यांची जुळणी केली होती. पडद्यावर जे दिसले ते शिक्षकाने तिथेच, आपल्या हातांनी, करून पाहावयाचे होते. एवढ्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून शिकवावयाचे म्हटले असते, तर निवासाची व्यवस्था करता करताच वर्षे निघून गेली असती.

प्रयोग संपल्यावर त्याची कसून तपासणी झाली. मुलांच्या भाषेत प्रगती दिसली. वर्गाबाहेरच्या साधनांतून माहिती मिळविण्याची ओढ वाढलेली आढळली. मात्र शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या आणि मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलांच्या संख्येवर सांगण्यासारखा परिणाम झाला नाही. दूरचित्रवाणी आली म्हणून गुरे राखणारा मुलगा शाळेत आला नाही. ३१ जुलै १९७६ रोजी, नवे शालेय वर्ष सुरू होऊन काही आठवडेच झाले असता, उपग्रहाचे प्रक्षेपण थांबले. पुढे १९७७ साली रायपुरास जमिनीवरील प्रक्षेपण-केंद्र उभे राहिले आणि त्याच्या टापूतील खेड्यांना पुन्हा चित्र दिसू लागले.

तेव्हापासून शाळेत यंत्रे अनेक वाटांनी आली. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास सुरू झालेल्या बालचित्रवाणीने एका पिढीच्या मुलांना मराठीतून पाठ दाखविले. ती संस्था २०१७ साली बंद पडली, ह्याची खंत अनेकांना आहे. २००४ साली केवळ शिक्षणासाठी म्हणून एक स्वदेशी उपग्रह सोडण्यात आला. २०२० च्या एप्रिलमध्ये, महासाथीने शाळा बंद असता, छत्तीसगड शासनाने ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, ही योजना संगणकजालावर सुरू केली. ज्या वस्त्यांत भ्रमणध्वनी नव्हता किंवा त्याचे तरंग पोहोचत नव्हते, तिथे शेवटी शिक्षकालाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जाऊन मुले जमवावी लागली. योजनेच्या नावाला छत्तीसगडी शब्द मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. १९७५ च्या पडद्यास ते सुचले नव्हते.

आता पुन्हा जूनच्या त्या पंधरवड्याकडे येऊ. उन्हाळ्याची सुटी यंत्रांना मानवत नाही. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारी जी शिशाची विद्युत्-घटमाला असते, ती न वापरताही आपोआप रिती होत जाते, आणि उष्णता वाढेल तशी अधिक वेगाने. रिकाम्या स्थितीत ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व पुढे ती पूर्ण भार घेत नाही. म्हणून सुटी लागण्यापूर्वी ती पुरती भारित करून ठेवावी व मध्ये एकदा तरी पुन्हा भारावी. प्रक्षेपकाच्या जाळीवर धूळ बसली असेल तर आतली हवा खेळत नाही. यंत्र तापते आणि पाठाच्या मध्यावर आपले आपण बंद होते. एक मऊ कुंचला आणि दहा मिनिटे एवढाच ह्या रोगाचा खर्च. पहिल्या पावसाबरोबर विजा कडाडू लागतात, तेव्हा खोलीच्या भूसंयोजनाची तपासणी त्याआधी व्हावयास हवी, आणि शाळा सुटताना सर्व खटके केवळ बंद न करता तारा भिंतीपासून काढून ठेवाव्यात.

एक बिघाड विशेष फसवा आहे. जुन्या संगणकात नाण्याएवढी एक घटिका असते. वीज नसतानाही ती त्याचे घड्याळ चालू ठेवते. ती संपली, की संगणक तारीख विसरतो आणि अनेक वर्षांपूर्वीची तारीख सांगू लागतो. संगणकजालावरील सुरक्षित ठिकाणांची ओळखपत्रे संगणक तारीख पाहून तपासीत असल्यामुळे असा संगणक ती ठिकाणे उघडत नाही. शिक्षक समजतो, तार तुटली. दुरुस्तीची मागणी तालुक्याला जाते, आणि पाऊस संपेपर्यंत खोलीचे कुलूप निघत नाही. तारीख सुधारली तर ते कुलूप त्याच दिवशी निघाले असते, व नवी घटिका तर बाजारात कुठेही मिळते.

परंतु ही सारी दुरुस्ती पहिल्या आठवड्याची. त्याच्याही आधीचे काम म्हणजे पहिल्या महिन्यात जे पाठ दाखवावयाचे ते शिक्षकाने स्वतः, मुलांशिवाय, एकदा अखेरपर्यंत पाहणे. आजचा पाठ १९७५ च्या पाठासारखा धावून जात नाही. तो थांबविता येतो. कुठे थांबवावयाचा हे मात्र आधी पाहिल्याशिवाय कळत नाही. पाठ शाळेतील यंत्रात उतरवून घेतला, तर संगणकजाल त्या दिवशी रुसले तरी अडत नाही. भिलाई-३ सारख्या ठिकाणी, जिथे एकाच बाकावर छत्तीसगडी, हिंदी, तेलुगू आणि क्वचित मराठी बोलणारी मुले बसतात, तिथे पाठातील कोणता शब्द कोणाला अडेल हे पाठ बनविणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नाही. वहीच्या एका पानावर त्या शब्दांची यादी करावी, शेजारी मुलांच्या घरातील शब्द लिहावा, आणि ते पान प्रक्षेपकाच्या पेटीतच ठेवावे, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी ते नव्या शिक्षकाच्या हाती पडेल.