हळदीतला डीजे : समज आणि गैरसमज

आपल्याकडे डीजे म्हणून पहिल्यांदा उभं राहण्याची वेळ येते ती क्लबात क्वचितच. मावसभावाची हळद असते, नाहीतर सोसायटीतला ३१ डिसेंबर. समोर पहिलीतल्या पोरापासून गुडघे चोळत बसलेल्या आत्याबाईंपर्यंत सगळे. नवखा मात्र तयारी करतो ती परदेशी महोत्सवांचे व्हिडिओ पाहून. बरेचसे गैरसमज तिथूनच येतात.

गैरसमज : प्लेलिस्ट दमदार असली की लोक नाचतातच.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने आपल्या इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म या पार्टीत झाला असं मानतात. हर्कने एक गोष्ट हेरली होती. गायन थांबून नुसते ड्रम वाजतात त्या काही सेकंदांची नाचणारे वाट पाहत असतात, आणि तेव्हाच खरे सुटतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तेवढाच तुकडा आलटूनपालटून वाजवू लागला. ही युक्ती त्याला सुचली ती लोकांच्या पायांकडे पाहून.

म्हणून गाण्यांचा क्रम घरीच पक्का करून जाऊ नका. दोन-दोन मिनिटांचे तुकडे वाजवले तर तासाला तीसेक गाणी लागतात. जवळ शंभर ठेवा आणि ती गटांत बांधा. कोळीगीतं, नव्वदच्या दशकातली हिंदी, अजय-अतुल, पंजाबी, असे. काकू मंडळी उठली की त्यांच्या गटातली आणखी दोन लागोपाठ. त्या बसायला लागल्या की गट बदला. आणि लॅपटॉपमधून मान वर काढा! मान खाली घालून दोन तास उभा असलेला डीजे लोकांना मेल तपासणाऱ्या कारकुनासारखा दिसतो.

गैरसमज : दोन गाण्यांचा जोड कळला, तर डीजे कच्चा.

न्यूयॉर्कमध्येच १९७० पासून आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’च्या पार्ट्या भरवणारा डेव्हिड मॅनकुसो पुढे पुढे गाणी मिसळतच नसे. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, मग दुसरी लावायची. तरी नृत्यसंगीताच्या इतिहासात त्याचं नाव अग्रभागी आहे.

सिंक बटण वापरणं म्हणजे लबाडी, हा वादही फारसा कामाचा नाही. दोन गाण्यांचा वेग ते जुळवून देतं, त्यात वावगं काय? त्याची मर्यादा मात्र माहीत हवी. संगणकावर बनलेल्या गाण्याची लय अखंड सारखी असते. वादकांनी एकत्र बसून वाजवलेल्या जुन्या गाण्यांत ती थोडी पुढेमागे सरकते आणि सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या रेषा चुकतात. शिवाय बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झोकात चालतात. त्यांच्यावर चार ठोक्यांचं हाउस संगीत चढवलं की दोन्ही गाणी लंगडतात, आणि ते आत्याबाईंनाही कळतं. अशा ठिकाणी सरळ तोडावं. कुठे तोडायचं, यातच खरं कसब आहे. बहुतेक नृत्यगीतांत चार ठोक्यांचा एक बार आणि आठ बारांचा, म्हणजे ३२ ठोक्यांचा, एक टप्पा असतो. नवा सूर, नवं वाद्य, गायन सहसा टप्प्याच्या तोंडाशी येतं. पहिलं गाणं टप्पा संपवतंय त्याच क्षणी दुसरं सुरू झालं, तर मिश्रण न करताही जोड खटकत नाही. घरी सराव करायचा तर याचा करा. ओळ अर्धवट असताना गायकाचा गळा दाबू नका.

गैरसमज : रंग चढत नाही? आवाज वाढवा.

मिक्सरवरचा लाल दिवा लागला की आवाज मोठा होण्यापेक्षा फाटायला लागतो, आणि फाटका आवाज स्पीकरमधले बारीक सुरांचे ट्वीटर जाळू शकतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाचं गणित मात्र कडक आहे. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. करमणुकीच्या ठिकाणी सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये सांगितलं. आवाज सुरुवातीला थोडा दाबून ठेवला, तर नंतर वाढवायला जागा राहते. स्पीकर नाचणाऱ्यांकडे वळवा, जेवणाच्या टेबलांकडे नको.

गैरसमज : सगळ्यात हिट गाणं आधी.

लोक अजून पाणीपुरी खात असताना ‘झिंगाट’ वाजवलं, तर नऊ वाजता काय वाजवणार?

गैरसमज : माइकवर सतत बोललं की लोक गुंततात.

हर्कच्या पार्ट्यांत माइक कोक ला रॉक या त्याच्या साथीदाराकडे असायचा. बोलणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. एकट्याने दोन्ही करायचं असेल तर नवरानवरीची नावं नीट विचारून घ्या, ती दोन-तीनदा घ्या आणि गप्प बसा. ‘आवाज येत नाहीये’ हे वाक्य तर आता बंदच व्हावं.

यंत्राबद्दल एकच. भाड्याने आलेल्या जुन्या सीडीजे प्लेअरला एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचता येत नाही. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि तशा दोन प्रती जवळ ठेवा.

आता वेळेचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणावारांसाठी. तुमच्या मावसभावाच्या हळदीसाठी नव्हे. तेव्हा लॉनवर कार्यक्रम असेल तर रंगतीची सगळी मांडणी दहापासून उलटी मोजत करा, आणि शेवटचं गाणं ९.५० ला सुरू करा.