रायझरची जाडी : मजबुती हवी, पण तपासणीची वाटही हवी
- प्रतिनिधी

२७ जुलै २००५ रोजी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूची उभी नळी फुटली आणि आगीत संपूर्ण प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ जणांचा बळी गेला. तेथे कारण धडकेचे होते, गंजाचे नव्हे. मात्र समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारी ही नळी, म्हणजेच रायझर, फुटल्यास काय होते हे त्या दिवशी दिसले.

रायझर माणसांच्या निकट असतो आणि लाटांच्या पट्ट्यात त्याला खारे पाणी व हवा आलटून पालटून लागते. गंज तेथेच झपाट्याने चढतो. म्हणून वायुवाहिन्यांच्या अमेरिकी संहितेत समुद्रतळावरील नळीला पोलादाच्या क्षमतेच्या ७२ टक्के ताण चालतो, रायझरला मात्र ५० टक्केच. साहजिकच रायझर जाड होतो.

अडचण येथूनच सुरू होते. बारा इंची नळीचा बाह्य व्यास ३२३.९ मिलिमीटर ठरलेला आहे. जाडी वाढली की ती आतल्या बाजूस सरकते. समजा, तळावरील नळी ९.५ मिलिमीटर आणि रायझर १५.९ मिलिमीटर जाडीचा आहे. आतील व्यास ३०४.९ वरून २९२.१ वर येतो. तेल-वायूची याबद्दल तक्रार नसते. तक्रार असते ती 'पिग'ची. (नाव विचित्र खरे, पण जगभर रूढ आहे.) प्रवाहाच्या दाबाने नळीतून सरकणारे हे यंत्र भिंतीचा गंज मोजते. साफसफाईचा रबरी पिग थोडा आक्रसून पुढे जातो; चुंबक आणि संवेदक बसवलेला पिग अशा पायरीवर अडकू शकतो. शिवाय भिंत फार जाड असेल तर चुंबक ती पुरेशी भारू शकत नाही आणि दोष निसटतात. ध्वनिलहरींच्या पिगला जाडीचे वावडे नाही, पण त्याला द्रव लागतो; वायुवाहिनीत तो आणायचा कोठून?

म्हणून कोणता पिग जाणार, हे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवणे शहाणपणाचे. आतील व्यास सर्वत्र समान ठेवून जाडी बाहेरच्या अंगाने वाढवता येते. तशी नळी मुद्दाम बनवून घ्यावी लागते, खर्च वाढतो. ते न जमल्यास जोडावर निमुळता उतार द्यावा लागतो. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, शक्यतो पाचपट असावी. अधिक बळकट पोलाद वापरून जाडी घटवता येते, परंतु मग गंजाला खायला धातूही कमी उरतो.

हा विचार सुरुवातीस झाला नाही, तर पाणबुड्यांकरवी बाहेरून मोजमाप एवढेच हाती राहते. आणि रायझरला धरणाऱ्या पकडीखालचा भाग तेव्हाही झाकलेलाच असतो.