मुक्त कार्यप्रणाली : नवख्याने निवड कशी करावी?



आखाजी आली म्हणजे आपल्या खानदेशात चुलीवर पालथे खापर चढते आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजले जातात. आपल्या गावाचे नावच खापर असल्यामुळे, आजच्या विषयाची फोड करण्यास मला हाच दाखला सोयीचा वाटतो. संगणकाचे यंत्र ही चूल समजा. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे ही जी आपली कामे, ते मांडे. या दोहोंच्या मध्ये बसून चुलीची आच मांड्यापर्यंत बेताने पोहोचविणारे जे खापर, तीच कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि साठवण यांचा मेळ तीच घालते. चूल तीच ठेवून खापर बदलता येते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

हा विषय आजच का घ्यावा? मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. नाव नोंदवून आणखी काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळविण्याची सोय तिने ठेवली खरी, पण ती मुदतीची. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे त्या कसोटीला उतरत नाहीत. परिणामी घरातला, दुकानातला, शाळेतला धडधाकट संगणक भंगारात काढण्याची वेळ येते. आपण सारे खापर त्या बिचाऱ्या यंत्रावर फोडतो. वस्तुतः चूल शाबूत असते, तडकलेले असते ते खापर! कष्टाचे पैसे घालून घेतलेली वस्तू टाकून देण्यापूर्वी दुसरा मार्ग आहे काय, हे पाहणे संसारी माणसाचे कर्तव्यच आहे.

तो मार्ग म्हणजे मुक्त कार्यप्रणाली. येथे एक खुलासा करतो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ निघतात व त्यावरून घोटाळा होतो. आपल्या मराठीत सुदैवाने दोन निरनिराळे शब्द आहेत. ही प्रणाली बहुधा फुकट मिळते, पण तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या मुक्तपणात आहे. ती हव्या त्या कामास वापरावी, तिची घडण उघडून पाहावी व बदलावी, तिच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि आपण सुधारलेली प्रतही वाटावी, अशी चार स्वातंत्र्ये तिच्या परवान्यातच लिहून दिलेली असतात. विरजणासारखेच हे आहे. शेजारणीला चमचाभर विरजण दिल्याने आपल्या घरचे दही कमी होत नाही, आणि दिले म्हणून कोणी चोरही ठरत नाही. उलट विंडोजची परवान्याशिवाय उतरवून घेतलेली प्रत ही कायद्याने चोरीच; शिवाय तिच्याबरोबर विषाणू घरात येण्याचा धोका असतो, तो निराळाच.

या चळवळीचा पाया अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून घातला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा तयार केला आणि पुढे तो मुक्त परवान्याखाली खुला केला. दोहोंच्या संयोगातून आजची प्रणाली उभी राहिली. हे काही परके, अनोळखी प्रकरण आहे असे समजू नका. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

आता नवख्याची खरी अडचण. तो शोधू लागला म्हणजे एक लिनक्स न सापडता शेकडो सापडतात! याचे कारण उघड आहे. ज्याला त्याला बदल करण्याची मुभा असल्यामुळे प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे निराळी मांडणी केली. गाभा एकच, मांडणी वेगळी. म्हणून या वैपुल्याला भिऊ नये. यांतली चार-पाच नावे लक्षात ठेवली तरी पुरे. डेबियन (१९९३) हे जुने, स्थिर घराणे. त्याच्यावरून उबुंटू (२००४) निघाले आणि उबुंटूवरून लिनक्स मिंट (२००६). फेडोरा (२००३) ही निराळी शाखा. तिच्यात नवेपणा अधिक. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली डेबियनच्याच आधारावर ‘बॉस’ ही प्रणाली काढली व तिच्यात भारतीय भाषांची सोय केली.

यांतून निवडावे कसे? ‘सर्वांत चांगले कोणते’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला उत्तर नाही. त्याऐवजी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत.

पहिला, माझे यंत्र कसे आहे? त्यात चार जीबी किंवा अधिक रॅम असेल, तर लिनक्स मिंट निर्वेधपणे चालेल. त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्या माणसाला लगेच उमगते. रॅम दोन जीबीच असेल, तर त्याच मिंटचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा. यंत्र फार जुने, ३२ बिटांचे असेल, तर निवड बेताचीच उरते, कारण बहुतेक मोठ्या प्रकारांनी अशा यंत्रांना आता निरोप दिला आहे.

दुसरा, माझे काम कोणते? पत्रव्यवहार, तक्ते, आंतरजाल, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढे असेल, तर लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी हे कार्यक्रम पुरेसे आहेत. परंतु दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर सावध व्हावे, कारण तो कार्यक्रम विंडोजसाठी बनलेला आहे. तीच गोष्ट जुन्या मराठी मजकुराची. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर, तोच फॉन्ट बसविल्याविना किंवा तो युनिकोडात आणल्याविना, नव्या जागी वाचता येणार नाही. अशा माणसाने घाई करू नये. एका संगणकावर जुनी व्यवस्था राखून दुसऱ्यावर नवी आजमावावी.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला. अडले तर विचारू कोणाला? अक्कलकुवा, तळोदा किंवा नंदुरबारचा जो शिक्षक, जो दुरुस्तीवाला, जो कॉलेजचा विद्यार्थी तुमच्या मदतीला येईल, तो जी प्रणाली वापरतो तीच तुम्हांला उत्तम. दहा गुणांची प्रणाली आणि विचारायला कोणी नाही, यापेक्षा आठ गुणांची प्रणाली आणि शेजारी जाणकार, हा सौदा केव्हाही चांगला.

निवड झाली तरी लगेच सर्व पुसून बसवू नये. मांडा जसा आधी एक भाजून पाहतात, तशी प्रणालीही आधी चाखून पाहता येते. प्रणालीच्या अधिकृत ठिकाणाहूनच प्रत उतरवून घ्यावी. ती साधारण तीन जीबी भरते. ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढविण्यासाठी एचर किंवा रूफस यांसारखे साधन लागते. नुसती फाईल तिच्यावर टाकून भागत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते. नंतर संगणक सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी कंपनीपरत्वे जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करावे. आतील साठवणीला हात न लावता नवी प्रणाली पडद्यावर येते. मग पाहावे : वायफाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, छपाई होते काय, इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकता येते काय? पेनड्राइव्हवरून ती जरा संथ चालते, त्याने निराश होऊ नये. चारही गोष्टी जमल्या तर पुढे जावे. न जमल्या तर पेनड्राइव्ह काढताच यंत्र पूर्ववत.

बसविण्याच्या वेळी मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. फोटो, कागदपत्रे, हिशेब यांची प्रत आधी वेगळ्या ठिकाणी ठेवा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायाला होकार दिल्यावर पश्चात्तापाला वाव राहत नाही. लग्नाचे फोटो गेल्यावर स्वातंत्र्याचे गोडवे कोणाला सुचणार?

कोणी म्हणेल, हे शहरच्या विद्वानांचे काम. डोंगरकपारीत कसे जमावे? त्याला रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याचा दाखला देतो. तेथील लहानशा शाळेत २००७ साली मुलांच्या हाती ‘एक्सओ’ नावाचे छोटे संगणक देण्यात आले. त्यांत फेडोरावर आधारलेली मुक्त प्रणाली होती. त्या मुलांना जुनी सवय मोडायची नव्हती. समोर आले तेच त्यांचे पहिले. अवघड जाते ते आपल्यालाच, कारण आपण एका वाटेला सरावलो आहोत. तो सराव दोन आठवड्यांत बदलतो, एवढा धीर मात्र धरावा.

शेवटी एकच सांगतो. आपल्या या सीमेवरच्या मुलखात मराठी, गुजराती, भिली, अहिराणी अशा कितीतरी बोली कानी पडतात. मुक्त प्रणालीतील मराठी शब्दयोजना पुष्कळशी स्वयंसेवकांच्या श्रमातून झाली आहे. उद्या एखाद्या तरुणाने पडद्यावर भिली शब्द आणावयाचे ठरविले, तर त्याला कोणत्याही कंपनीची मनधरणी करावी लागणार नाही. परवान्याने तो हक्क त्याला आधीच दिला आहे. तेव्हा गावात एकाने प्रत उतरवावी, दहांनी ती घ्यावी आणि अकराव्याला शिकवावे. विरजण घरोघर पोहोचते ते असेच.