शेवटची खाट पाहा

बैल घ्यायला बाजारात गेलात म्हणजे तुम्ही काय करता? शिंगे रंगवलेली असतात. गळ्यात घुंगरे असतात. त्याला तुम्ही भुलत नाही. दात पाहता, खूर पाहता, दहा पावले चालवून पाहता. मग पैशाचे बोलता.

घरातले म्हातारे माणूस परक्याच्या हाती सोपवायची वेळ आली, की मात्र आपण गोंधळतो. रंगवलेली शिंगे पाहूनच परत येतो.

पूर्वी खेड्यात ही वेळ फारशी येत नसे. घरात माणसे असत. आता मुलगा पुण्याला, सून कामावर. म्हाताऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्याने अंथरूण धरले, तर दिवसरात्र त्याचे करायचे कोणी? अशा वेळी काही घरांना माणूस शुश्रूषागृहात ठेवावा लागतो. त्यात लाज मानू नये, असे आम्हाला वाटते. न पाहता ठेवू नये, एवढेच. म्हणून पाहावे कसे, ते सांगतो.

मागच्या खोलीत जा

गेल्याबरोबर तुम्हाला कचेरीत बसवतील. चहा देतील. बाग दाखवतील, देवघर दाखवतील. ते सगळे पाहा. मग म्हणा, "जी माणसं अजिबात उठू शकत नाहीत, ती कुठं आहेत? तिकडं न्या."

हिंडते-फिरते माणूस पाणी मागून घेते, गाऱ्हाणे सांगते. ज्याची वाचा गेली, हातपाय गेले, त्याला ते जमत नाही. त्याची सेवा जेथे नीट होते, तेथे इतरांची होतेच. म्हणून पारख शेवटच्या खाटेपासून करा.

एका ठिकाणी आम्ही असे गेलो होतो. पुढे चकचकीत फरशी, कुंड्यांत गुलाब. मागे एक आजी निजलेल्या. ओठ सुकलेले. पाण्याचा तांब्या भरलेला होता, पण खिडकीत, त्यांचा हात पोचणार नाही असा. आम्ही विचारले, तर कामाची बाई म्हणाली, "जास्त पाणी दिलं की अंथरूण ओलं करतात."

म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने पाजावे लागते. ते कमी पडले की लघवी गडद होते, अशक्तपणा येतो, माणूस बरळू लागते. तेव्हा तांब्या कोठे ठेवला आहे, हे आधी पाहा.

पाठ आणि टाचा

एकाच कुशीवर फार वेळ निजले की हाडाखालचे मांस दबते. तेथे रक्त पोचत नाही. कातडी लाल किंवा काळपट होते. बोटाने दाबले तरी तो डाग फिका होत नाही. हीच जखमेची सुरुवात. लक्ष दिले नाही, तर कातडी फाटते, जखम हाडापर्यंत जाते. तिचे विष रक्तात भिनले, तर माणूस दगावतो. डॉक्टर या जखमेला 'बेडसोर' म्हणतात. माकडहाड, खुबे आणि टाचा या तिच्या जागा.

हे टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. हवेची गादी असली तरी कूस बदलायची राहतेच. म्हणून विचारा, "रात्री किती माणसं कामावर असतात? कूस बदलल्याची नोंद कुठं आहे? आत्ता किती जणांना अशा जखमा आहेत?" चांगले शुश्रूषागृह वही पुढे ठेवते. तुमचे माणूस तेथे ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याची पाठ आणि टाचा स्वतः पाहा.

जेवणाच्या वेळी जा

पहिल्या खेपेला सांगून जा. दुसऱ्या खेपेला न सांगता जा, तेही जेवणाच्या वेळी.

दुसरे एक ठिकाण आम्ही पाहिले. वर पत्र्याचे छप्पर, भिंतींचा रंग उडालेला. पण एक मुलगी एका आजोबांना पाठीमागे उशी देऊन, बसवून भरवत होती. पहिला घास गिळला की नाही हे पाहून मगच दुसरा देत होती. हे फार महत्त्वाचे आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला निजवून भरवले, घाई केली, तर घास श्वासनळीत जातो. त्याने फुप्फुसाला सूज येते, जीवही जातो.

आणखी काही गोष्टी पाहा. नखे कापलेली आहेत का? लघवीचा दर्प सगळ्या खोलीभर आहे का? एखादे अंथरूण नुकते ओले झाले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. सगळीकडे तोच वास असेल, तर वेळेवर कोणी बदलत नाही. भर दुपारी चार वाजता सगळीच माणसे गाढ झोपलेली दिसली, तर विचारा, "झोपेच्या गोळ्या देता का? कुणाच्या सांगण्यावरून?" मनगटावर बांधल्याचे वळ आहेत का, तेही पाहा. कोणी हाक मारली, तर किती वेळाने माणूस येते, हे घड्याळावर मोजा.

तेथे राहणाऱ्या एखाद्याशी नोकर जवळ नसताना बोला. "तुमचं इथं कसं चाललंय, बाबा?" एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

कागद वाचा

आता तुम्हाला वाचता येते. अंगठा उठवून मोकळे व्हायचे दिवस गेले. करारनामा घरी आणा आणि सावकाश वाचा. महिन्याचे पैसे किती? औषधे, लंगोट, दवाखाना यांचे वेगळे पडतात का? अनामत रक्कम परत कधी मिळते? दुखणे वाढले तर नेणार कोठे, आणि तुम्हाला कळवणार कोण? प्रत्येक पैशाची पावती घ्या.

शुश्रूषागृहांच्या नोंदणीसाठी आपल्याकडे १९४९ सालचा कायदा आहे. नोंदणीचा दाखला भिंतीवर शोधा. दिसला नाही, तर मागा.

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. साठ वर्षे पुरी झालेला माणूस ज्येष्ठ नागरिक. त्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत फोन क्रमांक २०२१ साली देशभर सुरू झाला. तो भिंतीवर लिहून ठेवा.

जात राहा

ठेवून आलात म्हणजे काम संपले असे समजू नका. ज्याच्या खाटेपाशी घरचे माणूस वरचेवर येते, त्याच्याकडे नोकरांचेही लक्ष राहते. वेळ बदलून जा. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. घरात चौघे असतील, तर पाळ्या लावून घ्या.

आणि तेथे राबणाऱ्या बायामाणसांशी गोड बोला. त्यांचे काम फार कष्टाचे आहे. चूक दिसली तर आधी त्यांना सांगा, मग चालकांना. तरीही फरक पडला नाही, तर भिडेला पडू नका. माणूस तेथून हलवा.