रेंडरला लावलं की सीपीयू तापतो, तेव्हा

एप्रिल-मे आला की एकच प्रश्न गावोगावहून येतो. नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, गाव बदलतं, दुखणं तेच. लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला, पंधरा-वीस मिनिटं झाली, पंख्याचा आवाज मिक्सरसारखा व्हायला लागला आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. परत सुरू केला, परत तेच. दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला, आणि जो आकडा सांगतो त्यात महिनाभराची कमाई जाते. तिकडे मुलीकडच्यांचे फोन चालूच. म्हणून आज खिशात हात घालण्याआधी घरच्या घरी काय तपासायचं, ते बघू.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. प्रोसेसर तापणं हा बिघाड नाही. तो जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, दुसरा मार्गच नाही. इंटेलचा आय-फाइव्ह 12400 घ्या, आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. त्याच्या माहितीपत्रकात 65 वॅट लिहिलेले असतात, पण पूर्ण जोर लावला की तो 117 वॅटपर्यंत जाऊ शकतो. 13700के असेल तर हाच आकडा 253 वॅट. म्हणजे शंभरचे अडीच बल्ब, आणि ती सगळी उष्णता नखाएवढ्या चिपमधून काढायची!

चिपला स्वतःची काळजी घेता येते. इंटेलचे अलीकडचे डेस्कटॉप प्रोसेसर साधारण 100 अंशांना आणि रायझन 7000 मालिकेतले बरेचसे 95 अंशांना पोचले की स्वतःहून वेग कमी करतात. याला थ्रॉटलिंग म्हणतात. पूर्वी सगळ्यांकडे ही सोय नव्हती. 2001 साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून दाखवला होता. पेंटियम 4 हळू झाला पण चालत राहिला, तेव्हाचा अ‍ॅथलॉन मात्र धूर काढून गेला. आज तसं होत नाही. आज तुमचं रेंडर तासाचं दीड तास होतं आणि कारण कळत नाही, एवढंच.

आता मुद्दा. प्रोसेसरचं तापमान एकटं बघून काही कळत नाही, त्यातून खोलीचं तापमान वजा करून बघा. पंखा, हीटसिंक, अगदी महागडं लिक्विड कूलिंगसुद्धा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ते फक्त हा फरक कमी ठेवतात. समजा डिसेंबरात खोली 22 अंश होती आणि रेंडर करताना प्रोसेसर 75 वर होता. फरक 53. मे महिन्यात खोली 40 झाली, काम तेच, तर प्रोसेसर 93 च्या आसपास जाणार. काहीही बिघडलेलं नसताना. आणि तो सीपीयूचा डबा कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात असेल, तर त्याची 'खोली' म्हणजे तो कप्पा! आतली हवा 48 झाली की गणित 101 वर जातं. ते कप्पे कोणी काढले देव जाणे. मागे फळी, पुढे दार, शिवाय वर आजीने विणलेलं कव्हर. डबा आधी तिथून बाहेर काढा आणि भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवा.

मग मोजायला बसा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकट मिळतात, लिनक्सवर सेन्सर्स ही आज्ञा आहे. रेंडर सुरू करा, हातात घड्याळ घ्या आणि आकडा किती *वेळात* चढतो ते बघा. सगळं निदान इथे आहे.

जोर लावल्याबरोबर, पाच-दहा सेकंदांत आकडा 50 वरून 95 वर उडी मारत असेल, तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये नीट जातच नाही. हीटसिंकला हात लावला तर तो कोमटच असतो. अशा वेळी डब्याला कितीही पंखे लावा, उपयोग शून्य. याची कारणं तीन-चारच. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एखादी टक्‌ करून बसलेली नसते. किंवा थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. किंवा नव्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायचंच राहिलेलं असतं (हसू नका, दुकानात जोडलेल्या मशीनमध्येही सापडतं). जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरवर छोटासा कूलर बसवला असेल तरीही उडी अशीच दिसते.

पेस्ट बदलणं फार अवघड नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवा, कूलर सरळ दाबून बसवा. जास्त थापण्यात फायदा नाही. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणं, एवढंच. एक सावधगिरी मात्र पाळा. रायझन 5000 किंवा त्याआधीचा एएम-फोर सॉकेटचा प्रोसेसर असेल, तर कूलर थेट वर ओढू नका. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सुटा करा. नाहीतर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

याउलट आकडा हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेत चढत असेल, तर दोष हवेचा. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे डब्याचं बाजूचं झाकण काढून तेच रेंडर पुन्हा चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर डब्यात हवा खेळत नाही हे ठरलं. पुढचा पंखा हवा आत घेतो, मागचा बाहेर टाकतो. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते, तिकडून हवा बाहेर पडते. कुणीतरी मागचा पंखा उलटा बसवलाय का, ते यावरून कळेल. धूळ तर असणारच, आणि आपल्या घरात ती नुसती धूळ नसते, फोडणीची वाफ आणि उदबत्तीचा धूर मिळून तिचा चिकट थर होतो. रंगाचा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकतो.

हे सगळं करूनही खोलीच 42 अंश असेल तर? तर वीज कमी करा. प्रोसेसरची वीज साधारणपणे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग, या हिशोबाने चालते. वेग दहा टक्के कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्के उतरलं, तर 0.9 तीनदा गुणा, 0.73 येतं. दहा टक्के वेगाच्या बदल्यात सत्तावीस टक्के उष्णता वाचली. उन्हाळ्यापुरता इतका स्वस्त सौदा दुसरा नाही, माझं तर मत आहे की नव्या कूलरच्या आधी हा करून बघावा. रायझनच्या बायोसमध्ये इको मोड असतो. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर पीएल वन आणि पीएल टू अशा मर्यादा असतात, काही बोर्ड त्या मोकळ्याच सोडून येतात, त्या 65 किंवा 80 वॅटवर आणा. बायोसची भीती वाटते? विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' 100 ऐवजी 99 करा. बहुतेक इंटेल मशीनवर तेवढ्याने टर्बो बंद होतो. हिवाळ्यात परत 100.

विदर्भ-माळव्यातल्या मंडळींसाठी कूलरबद्दल. खोली कूलरने गार करा, जरूर. पण सीपीयू त्याच्या झोतात ठेवू नका. पाण्याचे तुषार आत गेले की क्षार बोर्डावर बसतात. एसीने मात्र आत दव धरत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. लॅपटॉपवाल्यांनी गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर रेंडर करू नये, खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवा.

आणि शेवटचं, मदरबोर्डचं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडे फाइलमध्ये नोंदवायची सोय आहे, ती चालू करून रेंडर लावा. मशीन बंद पडलं की फाइलमधली शेवटची ओळ वाचा. ती 100 च्या जवळ असेल तर वरचे उपाय. पण 70-75 वर असतानाच बंद पडलं असेल, तर प्रोसेसरच्या तापाचा संबंध नसावा. विंडोजच्या नोंदीत कर्नल पॉवर 41 दिसेल, त्याचा अर्थ फक्त 'मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढाच, कारण त्यातून कळत नाही. अशा वेळी पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. स्वस्तातला असेल तर पूर्ण भाराला तोच मान टाकतो. तो घरी उघडू नका, वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. डबा दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि मदरबोर्डचं बोलणं काढण्याआधीच त्याला सांगा, ‘दुसरा एसएमपीएस लावून माझंच रेंडर अर्धा तास चालवून दाखवा.’