थेरपी घरी चालते तेव्हा

पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय १९१२ सालचं. डॉ. बानू कोयाजींमुळे त्याचं नाव दूरवर पोचलं. त्याच रुग्णालयाच्या टीडीएच पुनर्वसन व मॉरिस बालविकास केंद्राची ओळख मात्र बहुतेकांना गरज पडल्यावरच होते. बाळ मान धरत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, आणि ‘बोलेल हळूहळू’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर आईचा विश्वास बसत नाही, तेव्हा.

केंद्राच्या चिकाटीचा पुरावा म्हणजे ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात नवजात कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य निघाली, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी. त्यांच्या बुद्ध्यंकावर सर्वांत जास्त प्रभाव दिसला तो आईच्या शिक्षणाचा. याचा अर्थ आईला बोल लावावा असा नाही. तिला नीट शिकवणं, समजावणं हाही उपचारच मानायला हवा.

कारण थेरपिस्ट भेटतो आठवड्यातून एक-दोनदा. उरलेला सगळा वेळ घरचा. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय कात्रीसारखे आवळले जात असतील, तर बाळाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घ्यायचं. भरवताना आडवं न ठेवता पाठ टेकवून बसवायचं, मान किंचित पुढे, म्हणजे ठसका कमी लागतो. हे रोजचंच काम आहे, पण कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं. आणि ते आजीलाही दाखवावं लागतं, बाबांनाही. एकट्या आईवर टाकलेली थेरपी फार दिवस टिकत नाही.

पैशांची बाजूही आहेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ‘निरामय’ विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते, थेरपीच्या खर्चासकट. याच कायद्यानुसार अठरा वर्षांनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं.

‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न मात्र कागदाने सुटत नाही. मुळशीतल्या कोळवणला १९९४ पासून असलेलं ‘साधना व्हिलेज’ बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं घर झालं आहे. अशी घरं फार थोडी आहेत. आणि आई-बाप धडधाकट असताना त्यांना दोन दिवस उसंत देणारी, मुलाला विश्वासाने सांभाळणारी सोय तर त्याहून दुर्मीळ. पुण्यासारख्या शहरात ती प्रत्येक प्रभागात हवी.

तुमच्या इमारतीत असं मूल असेल, तर सल्ला देऊ नका. आठवड्यातून दोन तास त्याच्याजवळ बसायला शिकून घ्या.