टोरॉइड कुठं चालतो, कुठं नाही: घरच्या वाल्व अॅम्प्लिफायरचं लोखंड कसं निवडायचं

हे आजच्या भागाचं लिखित रूप. हेडफोन हाताशी नसेल तर इथंच वाचून घ्या. मी अमरावतीचा, दिवसा कोड लिहितो आणि रात्री सोल्डरिंग आयर्न तापवतो. आजचा विषय अकोल्याहून आलेल्या एका प्रश्नावरून सुचला. प्रश्न असा: "भाऊ, ईएल ८४ चा स्टीरिओ अॅम्प्लिफायर बनवतोय. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली पिवळी-पांढरी रिंग चोक म्हणून लावली तर चालते का? आणि ट्रान्सफॉर्मर सगळे गोलच घेऊ ना?"

आधी उत्तर देतो, कारण नंतर. रिंग चालत नाही. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर गोल घ्या, हरकत नाही. चोक आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र चौकोनी, म्हणजे ई-आय स्टॅम्पिंगचे घ्या.

आता काहून, ते पाहू. टोरॉइड म्हणजे मेदूवड्यासारखा गोल कोअर, त्याच्याभोवती तार गुंडाळलेली. कॉलेजच्या लॅबमधला डिमरस्टॅट आठवा, त्याच्या आत हेच असतं. कोअरला कुठंच सांधा नसतो, त्यामुळे चुंबकीय रेषा आतल्या आत फिरतात आणि बाहेर फारशा सांडत नाहीत. शेजारच्या ईसीसी ८३ च्या ग्रिडला घूं कमी पकडतो. वजन कमी, उंची कमी. हे सगळे गुण खरेच आहेत.

पण हाच बिनसांध्याचा कोअर डीसीपुढं हात टेकतो. एक रांजण समजा. एसी म्हणजे पाणी एकदा वर, एकदा खाली. वाइंडिंगमधून सतत एकाच दिशेनं डीसी गेला की रांजण आधीच काठोकाठ भरतो, वर-खाली व्हायला जागाच उरत नाही. याला कोअर सॅच्युरेट होणं म्हणतात. मग इंडक्टन्स कोसळतो आणि तुमच्याकडं उरते फक्त महागडी तांब्याची तार.

ईएल ८४ सिंगल एंडेड चालवला, तर डेटाशीटप्रमाणे २५० व्होल्टवर प्लेटचा करंट ४८ मिलिअॅम्पिअर, लोड ५२०० ओम. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला समजा २५०० फेरे आहेत. ०.०४८ गुणिले २५०० म्हणजे १२० अॅम्पिअर-फेरे, तेही कायमचे, गाणं वाजत नसतानाही. साधारण आकाराच्या गोल कोअरला भरून जायला याचा पाव भागही पुरतो. म्हणून सिंगल एंडेडला गॅप असलेलाच आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो.

पुश-पुलची गोष्ट वेगळी. तिथं दोन वाल्वचा डीसी उलट दिशेनं येतो आणि एकमेकाला काटतो. नेदरलँड्सचे इंजिनिअर मेन्नो वान डर वेन यांनी पुश-पुलसाठी टोरॉइड आउटपुट ट्रान्सफॉर्मर डिझाइन केले आणि ते जगभर वापरले जातात. पण दोन वाल्व जुळलेले पाहिजेत. काही मिलिअॅम्पिअरचा फरक पडला तरी टोरॉइड रुसतो, ई-आय तेवढं खपवून घेतो. पहिल्याच प्रोजेक्टला ही कटकट मी सुचवणार नाही.

आता चोक, कारण खरा घोळ इथंच होतो. दोन्ही चॅनेल मिळून आपला करंट साधारण ११० मिलिअॅम्पिअर. ब्रिज रेक्टिफायरनंतर ४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला तर त्यावर २० व्होल्टच्या आसपास रिपल उरतो, १०० हर्ट्झचा. पुढं १० हेन्रीचा चोक आणि आणखी ४७ मायक्रोफॅरॅड लावा. १०० हर्ट्झला चोकचा अडथळा सुमारे ६२८० ओम, कपॅसिटरचा फक्त ३४ ओम. रिपल १८० पटीनं घटून ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. डीसीला मात्र चोक तारेच्या रेझिस्टन्सएवढाच, म्हणजे १५० ओम धरला तर १६-१७ व्होल्ट खातो. एवढाच अडथळा रेझिस्टरनं करायला गेलात तर सगळी एचटी तिथंच संपेल!

आणि ती पिवळी-पांढरी रिंग? ती आयर्न पावडरची. गॅप तिच्या कणाकणांत पसरलेली असते, त्यामुळे डीसी ती झेलते. पण तिचा इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत. १०० मायक्रोहेन्री धरले तर १०० हर्ट्झला अडथळा ०.०६ ओम. म्हणजे जोडली काय, नाही जोडली काय. एसएमपीएस हजारो हर्ट्झवर चालतो, तिथं ती कामाची. त्याच बोर्डावर मेन्सच्या बाजूला दोन वाइंडिंगची जी रिंग असते, ती मात्र काढून ठेवा. तिच्यात येणारा आणि जाणारा करंट पुश-पुलसारखाच एकमेकाला काटतो. अॅम्प्लिफायरच्या मेन्स इनपुटला लावली तर बाहेरून येणारी खरखर थोडी अडते.

मग चोक आणायचा कुठून? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून लोखंड मागवता येतं, पण वजनामुळं कुरिअर अंगावर येतं. आपल्याकडं त्यापेक्षा जवळचा माणूस आहे: मोटर रिवाइंडिंगवाला. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागा विहिरीच्या पंपांवर जगतात, त्यामुळं तालुक्याला असं दुकान सापडतंच. गोल कोअर गुंडाळायला वेगळं मशीन लागतं, ते त्याच्याकडं बहुतेक नसतं. बॉबिनवर ई-आय मात्र तो करून देतो, आणि जळला तर पुन्हा भरूनही देतो. माझ्या मते चौकोनी घेण्याचं हे अर्धं कारण आहे.

त्याला एक गोष्ट मात्र नीट सांगा. ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय पट्ट्या आलटून-पालटून घालतात, त्याच्या हाताला तीच सवय असते. चोकसाठी सगळ्या ई एका बाजूनं, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा इन्सुलेशनचा कागद. हा कागद म्हणजेच गॅप. तार ३४ गेजची पुरते, पण मे महिन्यात अकोल्याचं तापमान ४५ च्या वर जातं आणि बंद डब्यात अजून वाढतं. मी ३३ गेज घेईन.

ट्यूबलाइटचा जुना लोखंडी चोक पाहिलाय ना? त्यातही गॅप असते. ४० वॅटवाल्याचा इंडक्टन्स एक-दीड हेन्री. प्रयोगापुरता चालतो, मात्र त्याची बॉडी अर्थ करायलाच पाहिजे.

राहिला मेन्सचा टोरॉइड. एचटीसाठी २१० ते २२० व्होल्टचं वाइंडिंग, हीटरसाठी ६.३ व्होल्ट. रेक्टिफायरपुढं कपॅसिटर असला की वाइंडिंगमधला करंट डीसीच्या पावणेदोन पटीपर्यंत जातो, म्हणून ११० मिलिअॅम्पिअरला २०० चं वाइंडिंग सांगा. एकूण ८० ते १०० व्हीए घ्या. सुरू करताना टोरॉइड झटक्यात करंट ओढतो, तर फ्यूज स्लो-ब्लो ठेवा. परदेशातून फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा कोअर लवकर भरतो.

बसवताना मधला बोल्ट फक्त एका टोकाला चेसिसला टेकला पाहिजे. वरचं टोक धातूच्या झाकणाला लागलं, की बोल्ट आणि चेसिस मिळून एक शॉर्ट झालेला फेरा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मी सॉफ्टवेअरवाला, मला अनडूची सवय, इथं अनडू नाही.

आणि डिमरस्टॅट गोल दिसतो म्हणून त्यावरून थेट एचटी काढायचा विचार करू नका. त्यात मेन्सपासून आयसोलेशन नसतं, चेसिसला हात लावला तर जिवावर बेतेल. एचटीच्या कपॅसिटरवर १०० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर कायम जोडा, बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात चार्ज उतरतो. तरी हात घालण्याआधी मीटर लावून पाहाच.

पुढच्या भागात रेक्टिफायर: वाल्वचा की डायोडचा. अकोलेकर भाऊ, चोक भरून आला की फोटो पाठवा.